न उडालेला सुरुंग

नृसिंहवाडीच्या एसटीत ते म्हातारे एकदाच भेटले. नाव विचारायचं राहूनच गेलं. तेव्हा मी कोल्हापुरात संशोधन करत होतो. स्फोटकाला धक्का बसला की आत काय होतं, ते कॉम्प्युटरवर घडवून पाहायचं, हा माझा विषय.

मांडीवर लॅपटॉप उघडून मी तेच बघत होतो. शेजारचे म्हातारे वाकले. "पावणं, ह्ये रंगीत काय हाय?"

"स्फोटकाचे कण आहेत. धक्का आला की आतल्या बारीक पोकळ्या दबतात, तिथं तापतं आणि मग उडतं."

"आमी खाणीत सुरुंग लावायचो की!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की पुढचे लोक वळून बघू लागले. पडद्यावर लाल रंग पसरला, तसे त्यांचे हात आपोआप कानांवर गेले. मग हळूच म्हणाले, "न उडणारं हाय का एखादं?"

होतं. त्यात धक्का कमी ठेवला होता. मी ते लावलं. लाट कणांतून सरकली, मंद झाली आणि विरून गेली. सगळं निळंच राहिलं.

"परत लावा."

मी लावत राहिलो. नजर न हलवता ते म्हणाले, "आमच्या धाकट्या भावाची पहार न उडालेल्या सुरुंगावर बसली. असंच व्हायला पायजे हुतं बघा."

हातकणंगल्याला उतरताना त्यांनी बजावलं, "त्ये पुसू नगा."

त्यानंतर कितीतरी लॅपटॉप बदलले. ती निळी लाट मी प्रत्येकात नेली.