अकराशे पाय अडकले तेव्हा

साचेबाई बूट करत, पण दुकानात मांडायचे नव्हे. ज्याचा एक पाय आखूड, ज्याचा घोटा वाकलेला, ज्याची बोटं अपघातात गेलेली, अशांसाठी. प्रत्येक पावलाचा लाकडी साचा वेगळा, म्हणून हे नाव पडलं. एकोणीस वर्षांत अकराशे पायांची मापं त्यांनी कामाच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये साठवली होती. साचा कोरण्याआधी त्यावरूनच आराखडा छापून घ्यायचा.

सोमवारी सकाळी कॉम्प्युटर स्वतःला अद्ययावत करत बसला होता. 'बंद करू नका' असं पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं. तेवढ्यात धाकट्या दिराला टेबलफॅन लावायचा होता आणि त्याने नेमका तोच प्लग उपटला. पुन्हा लावला तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: सिस्टिमची एक फाइल खराब आहे, कॉम्प्युटर सुरू होऊ शकत नाही.

"वहिनी, सगळं पुसून नव्याने टाकू. तासाभराचं काम," दीर म्हणाला.

"आणि मापं?"

"ती जातील."

"मग तू बाजूला हो," साचेबाई म्हणाल्या. उंटावरून शेळ्या हाकणारा तो घरात एकटाच पुरेसा होता.

गुरुवारी एक निवृत्त मास्तर परगावाहून जोड न्यायला येणार होते. त्यांचा डावा पाय सव्वा इंच आखूड. फोनवर म्हणाले होते, "माप तेच, काही बदललं नाही." त्यांचा जुना साचा कधीच चिरला होता आणि माप त्या काळ्या पडद्यामागे अडकलेलं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा नेहमीचा कारागीर आजारी होता. तो अंथरुणातूनच फोनवर सांगायला तयार झाला. "ताई, शेजाऱ्यांच्या मशीनवर एक पेनड्राइव्ह तयार करा. त्यावरून सुरू करा आणि दुरुस्ती निवडा."

साचेबाईंनी तसं केलं. गोल चक्र अर्धा तास फिरलं आणि उत्तर आलं की दुरुस्ती करता आली नाही. पुन्हा केली. पुन्हा तेच. चौथ्यांदा त्यांनी खुर्ची इतक्या जोरात मागे सारली की साच्यांचं फडताळ हललं.

मंगळवारी कारागिराने आज्ञा टाइप करायला लावल्या. एकेक अक्षर, मधल्या जागा, तिरक्या रेघा. प्रत्येक वेळी मशीन म्हणे, हे काम करता येत नाही. संध्याकाळी त्याला खोकता खोकता सुचलं. "ताई, पेनड्राइव्हवरून चालू केलं की कधीकधी डिस्कची अक्षरं बदलतात. तुमची सिस्टिम 'सी'त नाही, 'डी'त दिसत असेल."

म्हणजे दिवसभर चोर सोडून संन्याशाला सुळी. "हे सकाळी का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. आजारी माणसावर चिडल्याचंही वाईट वाटलं आणि राग काही गेला नाही.

अक्षर बदलल्यावर तपासणी शंभर टक्क्यांपर्यंत गेली. काही फाइली खराब आहेत, त्यांतल्या काही नीट करता आल्या नाहीत. आता चांगल्या फाइली पेनड्राइव्हवरून घ्यायच्या, तर त्यावरची सिस्टिम नव्या आवृत्तीची निघाली. जुळेना. बुधवारी सकाळी पुन्हा शेजाऱ्यांचं दार, पुन्हा पेनड्राइव्ह, या वेळी जुन्या आवृत्तीचा. शेजारीणबाई म्हणाल्या, "अजून नाही झालं?" हा प्रश्न त्या आठवड्यात सगळ्यांनीच विचारला.

बुधवारी दुपारी अडीचला ओळखीचा पडदा उजळला. मापं जागच्या जागी होती. दीर आनंदला. "बघा वहिनी, झाला ना सुरू!" साचेबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आराखडा छापला आणि लाकूड पुढ्यात ओढलं.

पण अडीच दिवसांचं काम अर्ध्या दिवसात बसत नाही. गुरुवारी मास्तर आले तेव्हा उजवा बूट तयार होता आणि डाव्याचा उंच तळवा नुसता चिकटवून दाबाखाली ठेवलेला.

"कॉम्प्युटर बंद पडला होता," त्या म्हणाल्या. स्वतःच्याच कानांना ते कारण खोटं वाटलं. एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाला दिलेली तारीख चुकवली नव्हती.

"असू द्या हो. पाठवून द्या सवडीने," मास्तर म्हणाले आणि झिजलेल्या जुन्या बुटांत एका बाजूला झुकत जिना उतरले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी जोड कुरिअरने गेला. सोमवारी मास्तरांचा फोन आला, बूट अगदी नीट बसले म्हणून. साचेबाईंनी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि दिराला हाक मारली. त्यांनी नवी डिस्क विकत आणली होती. अकराशे मापं तिच्यावर उतरवून, एकेक उघडून बघायची होती.

"सगळी?" त्याने विचारलं.

"सगळी," त्या म्हणाल्या. "बस."