सहा निवृत्त शिक्षिका

एकोणीस वर्षं तो एका ट्रॅव्हल कंपनीच्या तिकीट-खिडकीत बसला, म्हणून गाव त्याला ‘खिडकी’ म्हणायचं. खरं नाव बँकेला आणि बायकोच्या माहेरी तेवढं ठाऊक होतं.

खिडकीतून जग दिसतं असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात दिसतात ती नुसती तोंडं, गळ्यापासून वर. हा तिकीट रद्द करायला येणार, हा शेजारची सीट ‘मिसेससाठी’ मागतोय पण मिसेसना त्याचा पत्ता नाही, हे तो तोंड बघून सांगायचा. निदान आपण अचूक सांगतो असं त्याला वाटायचं. एकोणीस वर्षांत कोणी तपासून बघितलं नव्हतं, त्यामुळे त्याचा हा समज शाबूत राहिला.

मग एके दिवशी त्याने मालकाच्या टेबलावर खिडकीची किल्ली ठेवली आणि जुनी सतरा सीटची मिनीबस घेऊन स्वतःचा धंदा काढला. ऑफिस म्हणजे शिंप्याच्या दुकानाशेजारचा गाळा: एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर दीपगृहाचा फोटो. पहिली सहल तिकडचीच होती. तीन दिवस, समुद्रकाठ, दीपगृह, येताना मिठागरं. पाटी लागली त्या दुपारी तो रिकाम्या बसमध्ये चढला आणि सतराच्या सतरा सीटांवर बसून आला. प्रत्येक सीटवरून खिडकीबाहेर बघितलं. आनंद एवढा की त्या रात्री झोप लागली नाही. निदान बायकोला त्याने सांगितलं ते आनंदाने.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना ‘आता स्पष्ट दिसतंय का?’ विचारायची, तीच सवय घरीही.

“अहो, आधी पैसे न घेता सीट द्यायची म्हणता, उद्या कोणी फोन करून बुक केलं आणि आलंच नाही तर?”

“नव्या माणसाने आधी विश्वास दाखवायचा असतो,” तो म्हणाला. “फोन केला की सीट पक्की. पाटीवरही तसंच लिहिलंय.”

वाक्य भारदस्त होतं. पण बोलून झाल्यावर ते त्यालाच पटेना. कारण फोन करून न येण्याची विद्या त्या गावात सगळ्यात चांगली कोणाला येत होती, तर त्यालाच.

झालं होतं असं. मालकाच्या समोर कोणी नवी गाडी लावली की मालक खिडकीला आत बोलवायचे, दार लोटायचे आणि फोन पुढे सरकवायचे. खिडकी दातांत पेन्सिल धरायचा, आवाज बारीक करायचा आणि नव्या माणसाकडे सहा सीट सांगायचा. “आम्ही निवृत्त शिक्षिका आहोत. सहा जणी.” शिक्षिका ही त्याची स्वतःची कल्पना. शिक्षिका म्हटलं की समोरचा माणूस आपोआप सरळ बसतो आणि उलट प्रश्न विचारत नाही. सहा हा आकडाही त्याचाच. चार कमी वाटतात, आठ म्हटलं की लोक खात्री करायला लागतात. सहलीच्या दिवशी सहा सीट मोकळ्या जायच्या. अशाने दोन नव्या गाडीवाल्यांचे धंदे बसले. मालक खूश होऊन म्हणायचे, “तुझ्या बायका भारी आहेत रे!” आणि दोघं पोट धरून हसायचे.

आता तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होता आणि फोन वाजला की हसू येत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात अकरा सीट गेल्या. त्यात नवं लग्न झालेलं जोडपं होतं, दोन कुटुंबं होती आणि एक घड्याळ दुरुस्त करणारा होता. या घड्याळवाल्याने फोनवर पाऊण तास डोकं खाल्लं. इतके कशाला, तेवढ्यात द्या, जेवण धरून की सोडून, माझी एकच सीट आहे, एकट्याला काही कमी करा. खिडकी घामाघूम झाला, पण मनातून निश्चिंत झाला. घासाघीस करणारा माणूस खरा असतो, हा त्याचा नियम. यादीत त्याने घड्याळवाल्यापुढे ‘खात्रीचा’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मग मंगळवारी सकाळी फोन आला. बाईचा आवाज, स्वच्छ, शब्द मोजून टाकलेले.

“सहलीच्या सहा जागा हव्यात. आम्ही निवृत्त शिक्षिका आहोत. सहा जणी.”

खिडकीचा हात टेबलावरच्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच थांबला.

“सहा?” त्याने विचारलं.

“सहा. पाच अधिक एक. चौथी आणि पाचवी रांग द्या. चाकावरची सीट नको, आणि जादा टायर आहे ना याची खात्री करा.”

तिने दर विचारला. त्याने सांगितला. “ठीक आहे,” म्हणाली. बस, कमी-जास्त काही नाही! नंबर दिला आणि फोन ठेवला.

खिडकी भिंतीवरच्या दीपगृहाकडे बघत राहिला. दर सांगितल्यावर ‘ठीक आहे’ म्हणणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. चाकावरची सीट टाळायची हे धंद्यातल्या माणसाला कळतं, पेन्शनीतल्या बाईंना कुठून कळणार? त्याने दुपारी तो नंबर लावला. एका पुरुषाने उचलला.

“बाई आहेत का?”

“कोणत्या बाई? इथे बऱ्याच येतात.”

“हे काय आहे?”

“वाचनालय.”

आणि मागे पंखा करकरत होता. मालकाच्या ऑफिसातला पंखा असाच करकरायचा. आता पंखे सगळीकडेच करकरतात, पण संशयाला एवढा विचार करायला वेळ नसतो.

संध्याकाळी तो सहज म्हणून जुन्या ऑफिसवरून गेला. सहज म्हणजे उलट दिशेला दोन गल्ल्या वाकडी वाट करून. मालक दारातच उभे होते, कानाच्या पाळीत बोट फिरवत.

“काय खिडकी! भरली का गाडी?”

“भरली.”

“सगळी?”

“सगळी.”

“वा,” मालक म्हणाले.

एवढंच. खिडकी घरी गेला तो हा ‘वा’ घेऊनच. जेवताना त्याने तो तीन प्रकारे म्हणून दाखवला, लांब, तुटक आणि मधला. “सांग, यातला कोणता कौतुकाचा?”

“मला तिन्ही सारखेच ऐकू येतात,” बायको म्हणाली. “तुमचा नंबर वाढलाय. समोरचं माणूस दिसत नाही, मागचंच दिसतं.”

“माझंच हत्यार माझ्यावर चालवतात, कळत नाही का तुला? सहा, निवृत्त, शिक्षिका! शब्दही बदलायची लाज वाटली नाही.”

“जगात सहा शिक्षिका निवृत्त झाल्याच नसतील?”

“झाल्या असतील. पण एकदम सहा जणी, माझ्याकडेच, घासाघीस न करता?”

दुसऱ्या दिवशी गल्लीतला गादीवाला आला. आई, बायको, तीन मुलं आणि तो स्वतः. मोजून सहा. “जागा नाही म्हणू नकोस बाबा, आईने समुद्र बघितलेला नाही.” खिडकीने यादी काढली. चौथी आणि पाचवी रांग. त्याला आपल्याच हुशारीचा एवढा उमाळा आला की त्याने शिक्षिकांवर काटही मारली नाही, त्यांच्या वरच गादीवाल्याचं कुटुंब लिहून टाकलं.

“आणि आल्या तर?” बायकोने रात्री यादी वाचून विचारलं.

“कोण?”

“त्या सहा.”

“ज्या नाहीतच, त्या येतील कुठून?”

शनिवारी सकाळी सहाला निघायचं होतं. खिडकी साडेपाचलाच गाडीपाशी हजर. ड्रायव्हर काच पुसत होता. हा ड्रायव्हर कशालाही ‘बघू’ म्हणायचा. टायर बरे आहेत ना? बघू. डिझेल? बघू. खिडकीला त्याचाही संशय होता, पण दुसरा मिळाला नव्हता.

पाच चाळीसला कोपऱ्यावरून सहा बायका आल्या. ओळीने, पदपथ सोडून एक पाऊलही नाही. प्रत्येकीच्या खांद्याला थर्मास. गाडीपाशी येऊन थांबल्या तर उंचीप्रमाणे उभ्या.

खिडकीच्या तोंडचं पाणी पळालं. पण डोकं अजून चालूच होतं. ते म्हणालं, भाड्याने आणल्या असतील. मालक काय, थर्मासही आणतील.

“तुम्ही खरंच शिक्षिका?” त्याने विचारलं.

सगळ्यात पुढे होत्या त्या बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि त्याच्याकडे वरून बघितलं. हे बघणं भाड्याने मिळत नाही. खिडकीचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

“तिसरा बाक, भिंतीकडून,” बाई म्हणाल्या. “स्वतःचा नंबर सोडून दुसऱ्यांच्या हजेऱ्या द्यायचास. आवाज बदलून. एकदा तर शाळा सोडून गेलेल्या मुलाची महिनाभर दिलीस.”

मागच्या पाच जणी हसल्या. ड्रायव्हरने काच पुसायची थांबवली.

“बाई… पण फोनवर ओळख का नाही सांगितलीत?”

“सांगितली असती तर तू दर कमी केला असतास. म्हणून नंबरही वाचनालयाचा दिला. पोराने नवा धंदा काढलाय, पाटी वाचली, म्हटलं पूर्ण पैसे देऊन जाऊ.” मग त्यांनी गाडीत डोकावून बघितलं. “चौथी आणि पाचवी रांग. चाकावरची नाही ना?”

“नाही बाई,” तो म्हणाला. आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून गादीवाला आला. म्हातारी आई हाताशी, तीन मुलं पुढे, समुद्रासाठी एक लाल बादली.

पुढची पाच मिनिटं वर्णन करण्यासारखी नाहीत. गादीवाला म्हणाला, “मी गल्लीभर सांगून आलोय.” त्याची आई म्हणाली, “मी उभी राहीन.” नवं जोडपं आपल्या सीटवर चिकटून बसलं, उठवतील म्हणून. माणसं वाढली आणि सतराच्या गाडीचं तेवीस काही होईना. खिडकीच्या डोळ्यांपुढे पाटी फिरत होती. पहिली सहल सुटायच्या आधीच त्याचा शब्द खोटा पडणार होता, आणि गावात हे दहा वाजेपर्यंत सगळ्यांना कळणार होतं. या वेळी जादा गाडी एकाच माणसाकडे उभी असायची.

त्याने मालकांना फोन लावला.

“एक गाडी हवीय. आत्ता. सीट दोनदा गेल्या.”

“कोणाच्या?”

खिडकीने डोळे मिटले. “सहा निवृत्त शिक्षिका आल्यात.”

पलीकडून हसू फुटलं, इतकं मोठं की गादीवाल्याच्या आईलाही ऐकू आलं. “अरे, माझाच माल मला विकतोस? तुझ्या त्या बायकांना मी नखशिखांत ओळखतो! गाडी मोकळी आणवून मला वेड्यात काढायचंय होय? मी काय काल आलो का या धंद्यात?”

“मालक, शप्पथ. समोर उभ्या आहेत.”

“उंचीप्रमाणे उभ्या असतील,” मालक हसून म्हणाले.

“हो,” खिडकी रडवेला होऊन म्हणाला. “उंचीप्रमाणेच.”

बाईंनी हात पुढे केला. त्याने मुकाट फोन दिला.

“कोण बोलतंय?” बाईंनी विचारलं. “आधी हसणं संपव. संपलं? आता नीट सांग, गाडी किती मिनिटांत येते?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, माणूस घाईने उभा राहिल्यासारखा.

बारा मिनिटांत गाडी आली. मालक स्वतः आले, गादीवाल्याच्या कुटुंबासाठी दार उघडलं, आणि मग शिक्षिकांपाशी जाऊन ओठ हलवत मोजायला लागले. एक ते सहा. परत उलटे, सहा ते एक.

“खऱ्या आहेत की रे,” ते खिडकीच्या कानात म्हणाले.

“भाडं?”

“ते काय पळून चाललंय? बघू आल्यावर.”

हे खिडकीला मुळीच आवडलं नाही. दहा हजार मागितले असते तर शांत झोप लागली असती. शिवाय गादीवाल्याच्या डोक्यावर, गाडीच्या कपाळावर, मालकांचं नाव हातभर अक्षरांत होतं, आणि ते नाव आता दीपगृहापर्यंत त्याच्या पाठीमागून येणार होतं.

“हजेरी घे,” चौथ्या रांगेतून बाई म्हणाल्या.

तो ड्रायव्हरशेजारच्या घडीच्या सीटवर उलटा बसला आणि यादी वाचायला लागला. प्रत्येक ‘हजर’ला मान वर करून बघायचा, ओठ कोणाचे हलले ते. जोडपं हजर. दोन्ही कुटुंबं हजर. शिक्षिका सहाच्या सहा, खणखणीत. राहिला शेवटचा, खाली रेघ मारलेला, खात्रीचा.

“घड्याळवाले?”

खिडकीने मान उंचावून मागच्या रांगेपर्यंत बघितलं.

“घड्याळवाले?”

सातव्या नंबरची सीट मोकळी होती. त्याने फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. झोपला असेल. आजारी पडला असेल. किंवा गावात या नावाचा घड्याळवाला नसेलच, आणि पाऊण तास घासाघीस करायचं कोणीतरी कोणाला तरी नीट शिकवलं असेल. त्याने काचेतून बाहेर बघितलं. मालक पदपथावर उभे होते, कानाच्या पाळीत बोट फिरवत, आणि नेमके सातव्या नंबरच्या खिडकीकडे बघत होते. किंवा त्याला तसं वाटलं.

“वा,” मालक म्हणाले. आवाज काचेतून आला नाही, पण ओठ त्याने ओळखले.

“हा काय तुमचा माणूस होता?” त्याने काच खाली करून ओरडून विचारलं.

“कोण माणूस?” मालकांनी कानामागे हात धरला.

“अरे, पुढे बघ,” बाई म्हणाल्या आणि सहाही थर्मास सातव्या नंबरच्या सीटवर एका ओळीत ठेवून दिले.

“सोडू का गाडी?” त्याने ड्रायव्हरला विचारलं.

“बघू,” ड्रायव्हर म्हणाला, आणि गाडी सुटली.

खिडकी पुढे बघत होता. डोळे मात्र आरशात होते, तिथे मागच्या गाडीच्या कपाळावरची हातभर अक्षरं उलटी दिसत होती, आणि दर वळणाला तो ती पुन्हा वाचून घेत होता, बदलली तर नाहीत ना.