सोमवारी बंद पडणारी मोटारसायकल

मोटारसायकल रस्त्यात बंद पडली की आसपासचा प्रत्येक माणूस मिस्त्री होतो. बेळगाव-निपाणी रस्त्यावर काकतीपासून वंटमुरीच्या घाटापर्यंत असे किती मिस्त्री मला भेटले त्याला गणती नाही. "प्लग बघा की हो." "लई तापलीया, जरा पानी मारा." यमकनमर्डीच्या बाजारला निघालेल्या एका पैलवानानं तर गाडी आडवी करून गदागदा हलवा म्हणून सांगितलं, आणि मी नको म्हणायच्या आत हलवलीही. या लोकांचा मला कधी राग आला नाही. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि सांगून झालं की ते आपल्या वाटेनं जात. माझ्या मनातून उतरले ते दोघे वेगळेच. एक बेळगावच्या लष्करी कॅम्पातला मिस्त्री, दुसरे आमचे मोठे साहेब. दोघांनाही सगळं कळतं असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

मी बेळगावलगतच्या अनगोळच्या शेतकऱ्याघरचा. आमच्या भावकीत माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बी.एस्सी. झालो तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मग तंबाखूवर सरकारी कर बसवणाऱ्या खात्यात मला इन्स्पेक्टरची जागा मिळाली. जागा अजून कायम नव्हती. वर्षभर काम बघून साहेब शेरा मारणार, शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर पुन्हा नांगरामागं. आप्पांनी गल्लीला मात्र सांगून टाकलं होतं की पोरगं पेन्शनीत निघणार.

काम निपाणीचं. तिथल्या वखारीत तंबाखू उतरली की तिचं वजन आमच्या समोर व्हायचं. वजन दर सोमवारी सकाळी. इन्स्पेक्टर वेळेवर नसला की व्यापारी आपल्या हातानं वजन करून मोकळे. त्यातली किती पोती कागदावर येत आणि किती मागच्या दारानं जात, ते त्यांनाच माहीत. म्हणून सोमवार चुकवायचा नाही, ही माझ्या नोकरीची पहिली अट.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. कॅम्पातले गोरे सोल्जर विलायतेला परतायच्या घाईत होते आणि खाटांपासून ग्रामोफोनपर्यंत सगळं विकत होते. त्यांतल्या एका सार्जंटाकडून मी ती लष्करी रंगाची मोटारसायकल घेतली. त्यानं एका लाथेत सुरू करून दाखवली आणि मी घरी आणली. सोमवारी पहाटे निपाणीला जायचं, शनिवारी परत यायचं, असा बेत होता.

पहिल्याच सोमवारी काकती ओलांडल्यावर गाडी गचके खात थांबली. किक मारून मारून पोटरी भरून आली, पण गाडी घरघरसुद्धा करीना. बऱ्याच वेळानं, मी हताश होऊन नुसता पाय टाकला, तर सुरू! घाटात पुन्हा तेच, संकेश्वरच्या अलीकडे पुन्हा तेच. निपाणीत पोचलो तेव्हा वखारीचं दार लागलेलं होतं आणि मुनीम सुपारी कातरत बाहेर बसला होता.

"या साहेब. तुमची वाट बघून बघून काटा दमला."

मंगळवारी मी पेट्रोल भरलं, आणि त्यानंतर आठवडाभर गाडी घोड्यासारखी पळाली. शनिवारी निपाणी ते बेळगाव एकदाही थांबली नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा काकती, पुन्हा घाट. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच.

कॅम्पातल्या मिस्त्रीकडे मी रविवारी गाडी नेत असे. गोऱ्यांच्या गाड्यांवर काम केलेला माणूस, त्यामुळे तो इंग्रजीत मान हलवायचा. प्लग काढायचा, फुंकर मारायची, सँडपेपर घासायचा, कॅम्पातून एक चक्कर मारून यायचा. "एकदम फस्क्लास, साब. गाडीमें कुछ नहीं. चलानेवाले का हाथ पायजे." दर रविवारी तोच प्लग, तीच फुंकर, तेच वाक्य. सोमवारीच का बंद पडते, असं विचारलं तर म्हणाला, "मंडे को सब का ऐसाच होता." एवढी वर्षं इंजिनांत हात घालून ज्याला एक प्रश्न सुचत नाही, त्याचं कौतुक गावानं का करावं हे मला आजही कळलेलं नाही.

मोठे साहेब त्याच्यावर कडी. ते पुण्याकडचे. स्वच्छ बोलत, आणि त्या स्वच्छ बोलण्यातून दुसऱ्याचा अपमान करायची त्यांना हौस होती. शनिवारी बेळगावच्या कचेरीत हजेरी द्यायला गेलो की ते कधी माझं नाव घेत नसत, "ग्रॅज्युएट" म्हणत.

"काय ग्रॅज्युएट, हा सोमवारचाच रोग कसा हो? मंगळवारी गाडी बरी, शुक्रवारी ठणठणीत. शनिवारी घरी जायला तर ती उडत जाते. तुम्हा लोकांना रविवारची भाकरी जरा जड होते, असं तर नाही ना?"

शेजारचे कारकून हसले. साहेब हसले की हसायचं, हेच त्यांचं काम.

"गाडीत दोष आहे, साहेब. मी शोधतोय."

"शोधा, शोधा. पण वर्ष भरत आलंय, मला शेरा मारायचाय. पुढच्या सोमवारी मीच तुमच्या मागे बसून येतो. बघू या दोष कुठल्या अवयवात आहे."

त्या सोमवारी पहाटे आप्पा नेहमीप्रमाणे माझ्याआधी उठून अंघोळ करून बसले होते. सोमवार महादेवाचा. गोठ्यातल्या बैलांच्या कपाळाला तुपात कालवलेलं कुंकू लावायचं आणि मग मोटारसायकलला, हा त्यांचा नेम गाडी घरात आली तेव्हापासूनचा. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीभोवती फिरून विचारलं होतं, "ह्येला कपाळ कुठलं रं?" मी काही बोलायच्या आत त्यांनीच टाकीच्या गोल टोपणावर बोट ठेवलं. "हे बघ. वरती हाय, मधी हाय, गोल हाय. हेच." आणि अंगठ्यानं दाबून लावलेला तो टिळा दर सोमवारी तिथं असायचा.

साहेबांना त्यांच्या बंगल्यावरून घेतलं. टोपणावरचं कुंकू पाहून त्यांनी ओठ मुडपले. डोक्याला मफलर बांधून मागे बसले आणि काकतीपर्यंत माझ्या कानात गाडी कशी चालवावी ते सांगत राहिले. स्वतः त्यांनी सायकलदेखील कधी चालवली नव्हती.

काकतीच्या पुढे गाडी थांबली. थोड्या वेळानं सुरू झाली, आणि वंटमुरीच्या चढावर पुन्हा बसली.

"झालं?" साहेब उतरले. चिंचेच्या सावलीला एका दगडावर बसले, बूट काढले आणि पाय चोळू लागले. "मी तुम्हाला सांगतो, ग्रॅज्युएट, तुमच्यासारख्यांना बैलगाडीच बरी. बैल निदान हाकलला की चालतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. प्लग काढून पाहिला, ठिणगी चांगली पडत होती. म्हणजे मिस्त्रीची सगळी विद्या इथं संपली. टाकीकडून येणारी नळी सोडवून कार्ब्युरेटरची वाटी काढली, तर कोरडी ठणठणीत. पेट्रोलची चावी उघडी होती, टाकी हलवली तर आत डचमळत होतं. मग खाली येत का नाही? नळी सुटीच ठेवून मी टाकीत नक्की किती आहे ते बघायला टोपण फिरवलं. टोपणाखालून "सुस्स" असा आवाज आला, आत हवा ओढल्याचा, आणि त्याच क्षणी नळीतून पेट्रोलची धार माझ्या चपलेवर पडली.

टोपण पुन्हा घट्ट लावलं. धार बारीक झाली, मग थेंब, मग काही नाही. उघडलं, पुन्हा धार.

आमच्या घरात रॉकेलच्या डब्याला नेहमी दोन भोकं पाडतात. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून हवा जाते. एकच भोक पाडलं तर डबा उपडा केला तरी तेल उतरत नाही. हे आमच्या आईला माहीत होतं, मला कॉलेजात त्याचं गणित शिकवलं होतं, आणि तरी मी इतके सोमवार प्लग पुसत बसलो होतो. टोपण उन्हात धरून पाहिलं. मधोमध सुईएवढं भोक, आणि त्यात तूप-कुंकवाचं लाल बूच. मंगळवारी पेट्रोल भरताना मी टोपण पेट्रोलच्या बोळ्यानं पुसत असे, तेव्हा तूप विरघळून भोक आपोआप मोकळं होत असणार. म्हणून बाकीचा आठवडा गाडी बरी.

बाभळीचा काटा मोडून आणला, भोक साफ केलं, नळी लावली. एका किकेत गाडी सुरू झाली.

साहेब बूट न घालताच उठले. "काय झालं होतं?"

"टोपणाचं भोक बुजलं होतं. कुंकवानं."

ते हसले, चांगले पोट धरून हसले. त्यानंतर निपाणीपर्यंत गाडी कुठंही थांबली नाही. वखारीत काटा नुकताच टांगत होते. मला आणि माझ्यामागे साहेबांना पाहून मुनिमाच्या हातातली सुपारी खाली पडली. त्या दिवशी मागच्या दाराशी रचून ठेवलेली पोती पहिल्यांदा काट्यावर चढली.

शनिवारी घरी आल्यावर आप्पांना सांगितलं. त्यांना ते काही केल्या पटेना.

"आप्पा, ते कपाळ न्हाय. नाक हाय त्येचं. नाक बुजवल्यावर दम कसा घेणार?"

"नाक असं टाळूवर असतंय व्हय रं?"

"विलायती हाय."

"मंग करणाऱ्याचंच चुकलंय," आप्पा म्हणाले, आणि पुढच्या सोमवारपासून कुंकू पुढच्या दिव्यावर लावू लागले. विलायतेतले कारखानदार त्यांना भेटले असते, तर त्यांनाही त्यांनी हेच ऐकवलं असतं.

खरी गोष्ट पुढेच आहे. महिन्याभरात खात्याचे वरचे अधिकारी तपासणीला आले. माझी जागा कायम करायचा कागद त्यांच्यासमोर ठेवायचा होता. चहा झाला, बशीत चिवडा आला, आणि आमच्या साहेबांनी गोष्ट सुरू केली. गाडी घाटात बंद पडली, ग्रॅज्युएट घामाघूम, आणि मी म्हटलं, अहो, आधी टोपण उघडून बघा! आणि बघतो तर काय, याच्या अडाणी बापानं इंजिनाला हळदीकुंकू करून ठेवलेलं! मोटारीला म्हैस समजला हो म्हातारा!

सगळे हसले. वरच्या अधिकाऱ्यांनी हसत माझ्याकडे पाहिलं. "खरं की काय?"

साहेबांनीही माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ सरळ होता. मान हलव, शेरा चांगला पडेल. एका मानेचा प्रश्न होता. पलीकडचा कारकून तर माझ्या वतीनं हलवूनही मोकळा झाला.

"टोपण मी उघडलं, साहेब," मी म्हणालो. "मोठे साहेब त्या वेळी चिंचेखाली बूट काढून बसले होते. कुंकू माझ्या वडलांनी लावलं, हे खरं आहे. दसऱ्याला याच कचेरीतल्या टाइपरायटरला साहेब स्वतः लावतात. टाइपरायटरला श्वास घ्यावा लागत नाही, एवढाच फरक."

एकेकानं चहाचे कप खाली ठेवले. साहेबांचा चेहरा मी नीट पाहून घेतला. अशा माणसाला खोटं पकडल्याची लाज वाटत नाही, ते दुसऱ्यांना कळलं याचा त्याला राग येतो. वरचे अधिकारी चिवड्याची बशी बाजूला सारून एवढंच म्हणाले, "वजनाचे आकडे दाखवा."

आकडे माझ्या सह्यांचे होते. ते साहेबांना खोडता आले नाहीत. मी कायम झालो, पण शेरा असा पडला: काम समाधानकारक, वागणूक उद्धट. लगोलग निपाणीचं काम काढून मला खानापूरच्या रानातल्या गावांत पाठवलं, जिथं मोटारसायकल जात नाही आणि तंबाखू नावाला.

घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं.

"त्यो सांगत हुता तसं सांगू द्यायचं हुतंस की. कायम तर झाला असतासच, वर निपाणी बी ऱ्हायली असती."

"तुम्हाला अडाणी म्हणाला त्यो."

"मंग? हायच की मी." त्यांनी तंबाखू मळली, चुना झाडला. "त्यो शिकलेला, आणि असं खोटं बोलतोय व्हय?"

"व्हय."

"पेन्शनीत निघंल का त्यो?"

"निघंल की. मोठ्या पेन्शनीत."

आप्पा तोंडात चिमूट धरून उठले आणि गोठ्याकडे गेले. मी खानापूरला जायची वळकटी बांधायला घेतली.