भुयारीचा चेहरा

काम संपलं की तो दोन पावलं मागं सरायचा, दोन्ही हात पाठीमागं बांधायचा आणि गिऱ्हाइकाकडं न बघता आपल्या कामाकडंच बघत म्हणायचा, "खोट हय तो बोलो. आब्बी बोलो."

मग ती त्यानं रंगवलेली रसवंतीची पाटी असो, नाहीतर ट्रॅक्टरच्या मागं लिहिलेला नंबर असो. गिऱ्हाईक म्हणायचं, "लई भारी, चाचा," आणि निघायला बघायचं. तो त्याला सोडायचा नाही. "भारी नक्को बोलो. खोट बोलो." शेवटी सुटका करून घेण्यासाठी गिऱ्हाईक काहीतरी शोधून काढायचं. हे अक्षर जरा बारीक वाटतंय, तो हिरवा जरा जास्त झालाय. की म्हातारा खूश. लगेच ब्रश भिजवायचा, त्याचं टोक खालच्या ओठावर फिरवून टोकदार करायचा आणि दुरुस्तीला बसायचा. आयुष्यभराच्या त्या सवयीनं त्याचा खालचा ओठ कायमचा काळा पडला होता.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्यानं चूक दाखवल्याशिवाय त्यांना काम पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. लोक अशांना साधी माणसं म्हणतात. मी म्हणत नाही. माझा त्याच्यावर राग आहे, आणि तो गेला म्हणून मी तो राग सोडलेला नाही.

मी लासूर स्टेशनचा. बाप तिथल्या आडतीवर हमाल होता. एकदा थप्पीवरून ज्वारीचं पोतं घसरून त्याच्या तोंडावर आलं, तेव्हापासून त्याचा जबडा एका बाजूला गेला. हसला की कुणाला तरी चिडवतोय असं वाटायचं. त्याला वाचता येत नव्हतं, पण रद्दीतून तो माझ्यासाठी कॉमिकं उचलून आणायचा. मी वाचायचो, तो चित्रं बघायचा. आम्हा दोघांचा लाडका होता भुयारी. किल्ल्याच्या भुयारात राहणारा, काळी घोंगडी डोक्यावरून घेऊन फिरणारा, गरिबाच्या हाकेला धावणारा. त्याचं तोंड कधीच दिसायचं नाही. एका अंकाच्या शेवटी मात्र छापलं होतं, 'पुढच्या अंकात : भुयारीचा चेहरा!'

पुढचा अंक आलाच नाही. काढणाऱ्यानं दुकान बंद केलं म्हणे. बाप मात्र रोज विचारायचा, "आलं का रं भुयारीचं?" त्याच हिवाळ्यात तो गेला. त्याचा एकही फोटो आमच्या घरात नाही. फोटो काढायचा तर गंगापूरला जावं लागायचं, आणि तसं निमित्त कधी घडलं नाही.

पुढं मी शहरात आलो, गॅरेजात तेलाची फडकी धुतली, आणि हळूहळू बंद पडलेल्या वर्कशॉपमधली जुनी लेथ मशिनं घेऊन विकायला लागलो. आज शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या निम्म्या शेडमधे माझ्या हातून गेलेलं मशीन असेल. या धंद्यात मला कुणी काही शिकवलं नाही. एकच गोष्ट मी स्वतः शिकलो. जी वस्तू हवी, तिच्याकडं बघून तोंड वाकडं करायचं. जितकी जास्त हवी, तितकं जास्त वाकडं. आधी तिची खोट काढायची, मग भाव विचारायचा, आणि भाव ऐकला की पाठ फिरवून चालायला लागायचं. चार पावलांत भाव उतरतो.

हातात पैसा आला तेव्हा माझ्याबरोबरच्यांनी प्लॉट घेतले. मी कॉमिकची मूळ पानं घ्यायला लागलो. मूळ पान म्हणजे चित्रकारानं जाड कागदावर शाईनं काढलेलं, ज्यावरून पुढं अंक छापतात ते. छापखाने ती पानं तेव्हा रद्दीत टाकायचे. आता ती शोधत फिरणारे माझ्यासारखे चार वेडे आहेत. घरची म्हणाली, "लहानपणी एक रुपयाला मिळत होतं, ते आता कशाला एवढ्याला घेताय?" तिला काय सांगणार? भुयारीचं एकही पान कुठं मिळत नव्हतं. चित्रकाराचं नाव अंकावर कधी छापलेलं नसायचं.

तो मला सापडला भज्यांमुळं. खुलताबादच्या रस्त्यावर एका हॉटेलची पाटी होती, नुसती 'गरम भजी'. त्या 'भ'ची गाठ अशी वळवली होती की मी गाडी जागेवर थांबवली. तशी गाठ मी एकाच ठिकाणी बघितली होती, भुयारीच्या नावात. हॉटेलवाल्याला विचारलं, पाटी कुणी रंगवली? तो म्हणाला, "पेंटर चाचा. वर गावात कुणालाही विचारा."

वेशीच्या आत दोन खोल्यांत तो आणि त्याची लेक राहत होते. पलंगाखाली पत्र्याची पेटी होती. पेटीत भुयारीची पानं होती, वर कपडे, खाली पानं. मी एक पान उचललं आणि सवयीनं म्हणालो, "काय चाचा, इथं पांढऱ्या रंगाचे डाग दिसतायत. कोपरा पण दुमडलाय."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. हा पुढं सरकून बसला. "और बोलो."

दोन वर्षं मी त्याच्याकडं जात होतो. प्रत्येक वेळी चार खोटी काढायचो, एक पान घ्यायचो. मला वाटायचं, मी भाव पाडतोय. त्याला वाटायचं, हा माझं काम बघतोय. लेकीला एकदा माझ्यासमोर म्हणाला, "पूरे खुलताबाद में एक आदमी हय जो मेरा काम देखता. बाकी सब भारी-भारी बोल के जाते." माझ्यासाठी पेरू राखून ठेवायचा. मी ते खायचो आणि पुन्हा खोटी काढायचो.

मी त्याच्याकडून एक नवं चित्रही काढून घेतलं होतं. किल्ल्याच्या दारात भुयारी, शेजारी घोडा. ते बघून मी नेहमीसारखं म्हणालो, "घोड्याचा मागचा पाय आखूड झालाय." पाय बरोबर होता. पुढच्या आठवड्यात गेलो तर त्यानं ब्लेडनं तो पाय खरवडून नवा काढला होता. मी हसलो. मनात म्हणालो, म्हातारा खुळाय. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

मग एक दिवस त्यानं पेटीच्या तळातून एक पान काढलं. "ये छपा नै कभी. आखरी अंक का हय."

भुयारीनं घोंगडी मागं टाकली होती. अर्ध्या पानाची चौकट, आणि त्या चौकटीत माझा बाप माझ्याकडं बघत होता.

मला कुणी खूण सांगायची गरज नव्हती. ते बारीक डोळे, तो एका बाजूला गेलेला जबडा, ते चिडवल्यासारखं हसू. मी पान गुडघ्यावर ठेवलं. मोबाईल खिशात होता. पण सौदा ठरायच्या आधी फोटो काढणं म्हणजे आपली भूक दाखवणं, आणि भूक दाखवायची नाही हे तर मी लहानपणापासून शिकलेलो. वस्तू जितकी हवी, तितकं तोंड वाकडं.

मी म्हणालो, "चाचा, जबडा वाकडा झालाय. हिरो असा असतो व्हय?"

त्यानं पान माझ्या गुडघ्यावरून उचलून उजेडाकडं धरलं. मग हळूच म्हणाला, "हौ. वाकडा तो हय."

"बघा बुवा. असलं पान कोण घेणार?"

"आठ दिन बाद आओ, शेठ."

मला वाटलं, आता हाही सौदा करायला शिकला. मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली, पाठ फिरवली आणि निघालो. माझी पाठ फिरली की भाव उतरतो, यावर माझा केवढा भरवसा! ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. माझ्या कचेरीत समोरच्या भिंतीवर खिळाही मारून घेतला होता.

आठव्या दिवशी गेलो तर त्यानं धुतलेला शर्ट घातला होता. लेकीनं चहा ठेवला होता. त्यानं पान भिंतीला टेकवून उभं केलं, दोन पावलं मागं सरला, हात पाठीमागं बांधले.

"खोट हय तो बोलो. आब्बी बोलो."

घोंगडी तीच होती, भुयाराची कमानही तीच. मधे एक देखणा माणूस उभा होता. सरळ नाक, सरळ जबडा. कॅलेंडरवर शोभावा असा. कागद तेवढ्या जागी खरवडून पातळ झाला होता, त्यातून उजेड येत होता.

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. कप फुटला. लेक दारात येऊन उभी राहिली. म्हातारा तसाच हात बांधून उभा. "तुमीच तो बोले, शेठ. जबडा वाकडा हय."

"मूळ पानाला ब्लेड लावायचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"छपा नै ना वो. जो छपा नै, वो काम कच्चा रहता. कच्च्यात दुरुस्ती चलती."

"तो माझा बाप होता!"

मी ओरडलो. तो खाली बसला. तिथूनच विचारलं, "लासूर के हमाल... वो तुमारे वालिद?"

मग त्यानं सांगितलं ते असं. जवानीत तो लासूरला आडतीच्या पाट्या रंगवायला गेला होता. एक हमाल दुपारी भाकरी खायला पाटीसमोरच बसायचा. वाचता येत नव्हतं. पण एक दिवस बोट दाखवून म्हणाला, "मिस्त्री, ते शेवटचं अक्षर कललंय बघा." पट्टी लावून बघितलं तर खरंच कललं होतं. "अनपढ़ आदमी, मगर नजर कैसी! मैं बोला, बस. भुयारी यही हय." त्यानं समोर बसवून चेहरा काढायला घेतला तेव्हा हमाल लाजला. म्हणाला, "माझं तोंड कशाला काढता? वाकडं हाय ते."

एवढं सांगून म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"बाप के चेहरे में खोट कायकू निकाली, शेठ?"

मी पान तिथंच टाकून निघालो. पाठ फिरवली, पण या वेळी मागून कुणी हाक मारली नाही.

महिन्याभरानं परत गेलो. म्हणालो, तोच चेहरा पुन्हा काढून द्या, सांगाल तो भाव देतो. आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो. त्यानं भावाचं काही विचारलं नाही. नवा कागद घेतला. पण त्याला आता डोळे आठवत होते, जबडा आठवत नव्हता. "तुम बोलो. मैं निकालता."

मी सांगायचो, तो काढायचा. पहिल्यांदा खऱ्याखुऱ्या खोटी काढत होतो. हे हसू नाही. गाल जास्त भरलेत. ब्रश आता थरथरत होता, ओठावर फिरवताना हनुवटीलाही शाई लागायची. मी दर रविवारी जात होतो, कागदांचा ढीग वाढत होता. आणि एकदा काढल्यानंतर तो मागं सरलाही नाही. 'खोट बोलो' म्हणालाही नाही. नुसतं विचारलं, "जबडा डावीकडं गेलेला, का उजवीकडं?"

पहिल्या रविवारी मी ठामपणे डावीकडं म्हणालो होतो. मधे कधीतरी उजवीकडंही काढून बघायला सांगितलं होतं. आता समोर दोन्हीकडं वळलेले कितीतरी जबडे पसरले होते, आणि त्या सगळ्यांत मला बाप थोडा थोडा दिसत होता. मी डावीकडचा एक कागद उचलला, मग उजवीकडचा, आणि दोन्ही खाली ठेवले.

त्यानं ब्रश धुऊन ठेवला. "छोडो, शेठ," म्हणाला.

त्यानंतर मी गेलो नाही. पावसाळ्याच्या शेवटी हॉटेलवाल्यानं सांगितलं, चाचा गेले. लेकीकडं गेलो तेव्हा तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पान माझ्या हातात दिलं. म्हणाली, "अब्बा बोले थे, शेठ का हय." मी खिशात हात घातला तर ती दार लोटून आत निघून गेली.

अजूनही मी म्हणतो, ब्लेड लावण्याआधी त्यानं मला एकदा विचारायला हवं होतं. अख्ख्या गावाला विचारत सुटायचा. कचेरीत बसून हे मी स्वतःला पुष्कळदा ऐकवतो. आणि दर वेळी आठवतं, त्यानं दोन वर्षं मला दुसरं काहीच विचारलं नव्हतं.

पान त्याच खिळ्यावर टांगलंय. मशीन बघायला आलेली गिऱ्हाइकं चहा पिताना त्याच्याकडं बघतात. परवा शेंद्र्याचा एक जण उठून जवळ गेला, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाला, "काय देखणा माणूस काढलाय, शेठ. कुठं नाव ठेवायला जागा नाय. कोण हाय हा?"

मी म्हणालो, "कुणी नाही. चहा घ्या."