झिजलेला उकार

तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे कुणी तापाचं औषध मागायला जाऊ नये. त्या नाचाच्या डॉक्टर. नाचणारे त्यांना ‘पंडितीण’ म्हणून टाळत, पंडित ‘नाचणारी’ म्हणून. बाई आपल्या दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभ्या, तेही घुंगरू बांधून!

एका जुन्या पोथीतल्या ओळीवरून त्यांनी विसरलेली गिरकी पुन्हा उभी केली होती. ओळीत होतं ‘नत जानु’, म्हणजे गुडघा वाकवून. बाईंनी गुडघा जमिनीला टेकवून गिरकी घेतली. रोज सकाळी, अकरा वर्षं. प्रबंध त्यावर, कार्यक्रम त्यावर, टाळ्याही त्यावरच. डाव्या गुडघ्याची वाटी पार झिजली, पण विद्येपुढे वाटीचं कोण ऐकतो?

मंगळवारी टपालानं त्याच पोथीच्या दुसऱ्या प्रतीचे फोटो आले. बाईंच्या प्रतीत ‘त’खालचा उकार झिजून गेला होता. इथे तो ठसठशीत. ‘नत जानु’ नव्हेच, ‘न तु जानु’. कंबर वळवा, गुडघा मात्र नको.

नवरा चहा घेऊन आला, तर बायकोचा चेहरा पांढराफटक.

“काय गं, कोण गेलं?”

“उकार.”

“हात्तिच्या! घाबरलो ना मी. एवढ्याशा शेपटीचं काय घेऊन बसलीस?”

बाईंनी गुरुजींना फोन लावला. ते हसले. “अगं, दिसतं छान, राहू दे. पोथी काय तिकीट काढून बघायला येणारेय?” प्रबंध तपासणारे सर त्याहून गोड. “प्रबंध छापताना तो भाग गाळा. तुमचा नाच आहेच की!”

संध्याकाळी वर्गात त्या सहा मुलींपुढे उभ्या राहिल्या. “गुडघा टेकायचा नाही. माझं वाचन चुकलं.”

“मग कसं, ताई? करून दाखवा ना.”

कंबर वळली, हात नेमके गेले. डावा पाय सरळ ठेवायचा होता. तो आता पुरता सरळ व्हायचा नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात सांगितलं होतं. बाईंनी भिंत धरून पुन्हा जोर लावला. पाय वाकडा तो वाकडाच.

वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी टक लावून बघत होती. तिनं आपला धडधाकट पाय अगदी तेवढाच वाकवला आणि सुरेख गिरकी घेतली.

“असं ना, ताई?”

“नाही गं.”

मुलीनं बाईंच्या पायाकडे पुन्हा नीट पाहिलं आणि आपला आणखी थोडा वाकवला.