वलणीवरची पँट

डोंगरावरच्या सोहरा गावात सलग अकरा दिवस पाऊस लागला की लोक दिवस मोजणं सोडून देतात. द्रिसिल्दा नोंगतेर मात्र मोजत होती. शनिवार उजाडला होता, उद्या सकाळी चर्चमध्ये गाणाऱ्या नऊ जणांचे पांढरे सदरे तिच्या चुलीवर टांगलेले होते, आणि बाजारात सुक्या मासळीच्या भावावरून हुज्जत घालता घालता तिचा तासभर जास्तच गेला होता.

उंबऱ्यात इरलं उतरवून तिनं आधी वर पाहिलं. दुसऱ्या बायका बाहेरून आल्या की चुलीत विस्तव आहे का बघतात, द्रिसिल्दा वलणी बघायची. चुलीच्या वर, तुळईला दोरांनी टांगलेल्या बांबूच्या तीन दांड्या. दाराकडच्या दांडीवर गळते कपडे, मधलीवर निथळलेले, आणि शेवटची बरोबर निखाऱ्यांच्या डोक्यावर, तिथे फक्त शिवणीत ओल उरलेले. निखारे कोळशाचेच हवेत, ओल्या लाकडाचा धूर एकदा कापडात शिरला की तो माणसाबरोबर प्रार्थनेला येऊन बसतो. पावसाळाभर अख्ख्या आळीला धुराचा वास यायचा, द्रिसिल्दाच्या घरच्या कपड्यांना यायचा नाही. म्हणून तर ते नऊ सदरे तिच्याकडे होते. कपडा वाळला की नाही हे ती हातानं बघत नसे. शिवण वरच्या ओठाला लावायची. हात फसतो, ओठ फसत नाही, असं तिचं म्हणणं.

त्या शेवटच्या दांडीवर, दोन पांढऱ्या सदऱ्यांच्या मधोमध, एक काळी पँट लटकत होती. पुरुषाची.

द्रिसिल्दाच्या हातातली पिशवी हातातच राहिली. तिच्या नवऱ्याचे शेवटचे कपडे या दांडीवरून उतरले त्याला पाच वर्षं झाली. दोन्ही मुलगे लग्न करून आपापल्या बायकांच्या घरी गेले, त्यांचं काय वाळायचं ते तिकडच्या चुलींवर वाळत होतं. घरात ती आणि धाकटी मुलगी दारिहुन. धाकटी, म्हणजे घर तिचं, चूल तिची, म्हातारपणी आईला बघायचं तिनं. वय एकतीस. लग्नाचं नाव काढलं की उठून भांडी घासायला लागायची, घासलेली असली तरी.

आणि सोहरात बायकांच्या घरातल्या चुलीवर पुरुषाची पँट वाळते ती दोनच कारणांनी. एक तर तो घरचा भाऊ किंवा मामा असतो, नाही तर जावई.

दारिहुन चुलीपाशी बसून पंख्यानं निखारे फुलवत होती. मान खाली.

"ही कुणाची?" द्रिसिल्दानं विचारलं.

"कोण?"

"माणूस नाही विचारत. पँट विचारतेय."

"वाळतेय ती."

"ते दिसतंय मला, चाळीस वर्षं तेच बघतेय. कुणाची वाळतेय?"

"वानफ्रांगची. वरच्या शाळेत गणित शिकवतो."

"त्याच्या घरी विस्तव नाही?"

"खोली भाड्याची आहे, मेई. मालकाकडे गॅस आहे. गॅसवर पँट कशी वाळणार? चार दिवस ओली घालून शिकवतोय. शिंकतोय."

"आणि ही थेट शेवटच्या दांडीवर? दाराकडून सुरुवात न करता?"

"पिळून दिली होती मी."

हे मात्र द्रिसिल्दाला खाली बसवून गेलं. परक्या पुरुषाची पँट वाळत घालणं एक वेळ समजू शकतं, अडलेल्याला विस्तव कुणीही देतं. पिळून देणं वेगळं. तिनं पिशवी खाली ठेवली, स्टुलावर बसली आणि सुपारीच्या डबीला हात घातला, पण डबी उघडायचं विसरली.

"कधीपासून?"

"दोन तास झाले असतील."

"पँटचं नाही विचारत मी."

दारिहुननं पंखा थांबवला. "दोन वर्षं."

दोन वर्षं. या आळीत एखादीच्या पदराचा रंग धुतल्यावर उतरला तरी दुपारपर्यंत चर्चा होते, आणि हिनं दोन वर्षं निभावून नेली. द्रिसिल्दानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात दारातून छत्री आत आली आणि छत्रीमागून शेजारची फ्लोरिमा. आळीतल्या बायका एकमेकींना ताईऐवजी काँग म्हणत.

"काँग द्रिसिल्दा, आमच्या ह्यांचा सदरा झाला का? नाही म्हणजे घाई नाही, पण ते घरात बनियनवर फिरतायत आणि मला बघवत नाही." एवढं बोलून तिनंही सवयीनं वर पाहिलं. छत्रीचं पाणी तिच्या पायावर गळत राहिलं.

"ही चर्चची नाही," फ्लोरिमा म्हणाली.

"नाही," द्रिसिल्दा म्हणाली.

"उंच आहे कुणीतरी."

"असेल."

"मी काही विचारत नाही हां, काँग. माझा स्वभाव नाही तो." ती चुलीजवळ आली आणि मान तिरकी करून पँटच्या पायाची लांबी डोळ्यानं मोजली. "शिलाई चांगली आहे. नोकरीवाला दिसतो. दारिहुन, तू काही खातेस का गं हल्ली, चेहरा उतरलाय. का मन भरलंय तुझं?"

"काँग फ्लोरिमा, सदरा घे आणि जा," दारिहुन म्हणाली.

"जाते बाई. आता या घरात माझी अडचणच होणार." सदरा घडी करून तिनं पदराखाली घेतला. दारात वळून द्रिसिल्दाकडे पाहिलं, आणि टोमणा मारणारी ती बाई एकदम हळू आवाजात म्हणाली, "बरं झालं गं. खरंच बरं झालं. मला वाटलं होतं हे घर तुमच्या दोघींबरोबर थंड होणार."

ती गेली. आळीतल्या बारा घरांना हे कळायला आता वेळ लागणार नव्हता.

गंमत अशी की फ्लोरिमाच्या त्या शेवटच्या वाक्यानं द्रिसिल्दाचा राग विरघळला. तिनं पुन्हा वर पाहिलं. पँट खालच्या काठांना चिमटे लावून उलटी टांगलेली, म्हणजे कमरेच्या वजनानं घडी सरळ बसते. खिसे बाहेर काढलेले, दोन लोंबते कान. बरोबर तिनं शिकवलं तसं. मुलीनं एवढं लक्ष देऊन तिच्या स्वतःच्या वडिलांचा कोटही कधी टांगला नव्हता. जावई. या चुलीपाशी बसून कुणीतरी पुरुष पुन्हा चहा मागणार. आणि देवाच्या मनात असलं तर एक नात, घर पुढे चालवायला.

"पाऊस थांबला की घेऊन ये त्याला," ती म्हणाली. "बघू तरी."

आतल्या खोलीच्या पडद्यामागे कुणीतरी शिंकलं.

द्रिसिल्दानं मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

"मेई," दारिहुन म्हणाली, "त्याच्याकडे ती एकच पँट होती."

पडदा सरकला आणि वानफ्रांग बाहेर आला. खरोखर उंच. कमरेला द्रिसिल्दाचीच चौकड्यांची लोकरी शाल गुंडाळलेली, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, त्यामुळे नमस्काराला हात रिकामा नव्हता. त्यानं मान लववली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सगळं ऐकलंस?" द्रिसिल्दानं विचारलं.

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"शिलाई चांगली आहे इथपासून पुढचं."

द्रिसिल्दाला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण दारिहुननं पाहिलं, आणि मुलीचे खांदे इतके खाली आले की द्रिसिल्दाला कळलं ही सकाळपासून किती घाबरून बसली होती. स्टूल सरकवलं गेलं. बिनदुधाचा लाल चहा झाला, तांदळाच्या भाकऱ्या आल्या. वानफ्रांग एका हातानं शाल धरून दुसऱ्या हातानं खात होता. सुपारी त्यानं दोन्ही हातांनी घेतली आणि शाल सुटता सुटता वाचली, तेव्हा मात्र तिघंही हसली.

"सातवीची पोरं ऐकतात का तुझं?"

"पाऊस पडत असला की ऐकतात. बाहेर पळता येत नाही ना."

"म्हणजे वर्षभर ऐकतात," द्रिसिल्दा म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं की जे पहिल्या घोटाआधी विचारायचं ते तिनं अजून विचारलंच नाही. दारात आलेल्या पोस्टमनलाही ती आधी ते विचारायची. आज त्या पँटनं तिची अक्कलच टांगून ठेवली होती. "आईकडून कोण तुम्ही? शाळेत तुला नुसतं सर म्हणत असतील, मला कुळाचं नाव सांग."

"मावख्राव," तो म्हणाला. "आम्ही तिकडे खाली, सीमेकडच्या गावातले. फार घरं नाहीत आमची, पाच-सहाच."

द्रिसिल्दाच्या हातातला कप कलला आणि चहा तिच्या मांडीवर सांडला. कढत होता. तिनं पुसला नाही.

"भाजेल, मेई." दारिहुन फडकं घेऊन उठली.

"मी बघते," द्रिसिल्दा म्हणाली आणि उठून वलणीकडे गेली. सदरे उलटवायला लागली. एक, दुसरा. जे आधीच उलटवले होते तेही.

दोन बहिणी होत्या. कधी, ते कुणालाच माहीत नाही. थोरलीच्या लेकी नोंगतेर झाल्या. धाकटी डोंगर उतरून गेली, तिच्या मावख्राव. ही गोष्ट द्रिसिल्दाला तिच्या मामानं सांगितली होती, इथेच, याच चुलीपाशी, एकेक बोट धरून पाच नावं म्हणून घेतली होती. या पाच कुळांशी आपलं लग्न नाही. ते आपलेच. त्यांचे मुलगे आपले भाऊ. हे मोडलं तर ते पाप कुठल्याच पाण्यानं निघत नाही, दोघांना गाव सोडावं लागतं, आणि मेल्यावर कुळाच्या दगडाखाली हाडांनाही जागा मिळत नाही.

पुढे मुलं मोठी झाली तेव्हा द्रिसिल्दानंही त्यांना बसवून नावं सांगितली होती. चार. पाचवं कूळ खाली साथीत संपलं असं सगळे म्हणायचे. जी माणसंच उरली नाहीत त्यांचं नाव पोरांच्या डोक्यात कशाला भरायचं, असं तिला वाटलं होतं.

मामाला जाऊन वीस वर्षं झाली. मामाच्या पिढीतलं कुणी उरलं नव्हतं. हे आता जगात बहुतेक एकट्या तिलाच माहीत होतं.

तिनं काळ्या पँटची शिवण हातात घेतली. तिच्या पाठीमागे दोघं हळू बोलत होती. दारिहुन त्याला सांगत होती, "तिला आवडलास तू, गप्प बसली की समज." द्रिसिल्दा गप्प बसली असती तर खरंच सगळं झालं असतं. डिसेंबरात ऊन पडल्यावर लग्न. फ्लोरिमा पहिल्या रांगेत. कुणाला काही कळलं नसतं. किती सोपं होतं, याचीच तिला जास्त भीती वाटली. तिच्या मनानं लग्नाचा महिनासुद्धा ठरवून टाकला होता.

ती वळली. "दारिहुन, मी तुम्हाला किती नावं सांगितली होती? लग्न न करायची?"

"आता हे काय मध्येच? चार."

"पाच आहेत."

दारिहुन हसत होती. ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, डोळ्यांतलं आधी गेलं. तिनं पाचवं नाव विचारलं नाही. वानफ्रांगकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही," एवढंच म्हणाली.

"ते कूळ संपलं असं आम्ही समजत होतो. तुम्ही पाच-सहा घरं तिथे आहात हे मला आत्ता कळतंय. माझी चूक आहे. मी सांगायला हवं होतं."

"आमच्यात कुणी बोललं नाही कधी," वानफ्रांग म्हणाला. त्याचा आवाज शाळेतला राहिला नव्हता. "आजीला माहीत असेल. तिला आता नावं आठवत नाहीत."

"तुम्ही दोघं..." द्रिसिल्दानं आधी मुलीकडे, मग त्याच्या कमरेच्या शालीकडे पाहिलं.

"नाही," दारिहुन म्हणाली. "लग्नाआधी नाही असं मीच म्हणाले होते. दोन वर्षं भांडलो आम्ही त्यावरून. खूश?"

द्रिसिल्दाला खूश व्हावं की जमिनीत जावं कळेना. बाहेर पाऊस तसाच कोसळत होता, पत्र्यावर मुठी आपटाव्या तसा.

"तू सांगितलं नसतंस तर?" दारिहुननं विचारलं. रडत नव्हती ती, आणि ते बघणं जास्त कठीण होतं.

"तर मला माहीत असतं ना," द्रिसिल्दा म्हणाली. "मी तुमच्याबरोबर याच चुलीपाशी बसले असते."

वानफ्रांग उभा राहिला. शाल सावरली. जमिनीकडे बघत म्हणाला, "माझी पँट द्या. मी जातो."

द्रिसिल्दाचा हात सवयीनं वर गेला. कमरेचा पट्टा तिनं वरच्या ओठाला लावला आणि लगेच स्वतःचाच राग आला, पण ओठानं सांगायचं ते सांगून टाकलं होतं.

"पट्ट्यात ओल आहे अजून. अर्धा तास लागेल."

"ओलीच चालेल."

"या घरातून ओलं जात नाही कुणाचं," दारिहुन म्हणाली. तिच्या आवाजात इतका राग होता की तो मुकाट्यानं परत बसला. तिनं पंखा उचलला आणि निखारे फुलवायला लागली, जोरात, ठिणग्या सदऱ्यांपर्यंत उडतील इतक्या. द्रिसिल्दानं तिला अडवलं नाही. उद्या सकाळी आळीतल्या बारा घरी द्रिसिल्दालाच जावं लागणार होतं, फ्लोरिमापासून सुरुवात करून, आणि तो मुलगा आपल्याच रक्ताचा निघाला हे स्वतःच्या तोंडानं सांगावं लागणार होतं. फ्लोरिमा आधी हसेल. मग तिला कळेल.

निखारे पार लाल झाले. मग दारिहुननं पंखा थांबवला.

"मेई, पाचही सांग. नीट, तुझ्या मामानं सांगितली तशी. काही वगळू नकोस."

"आत्ता?"

"आत्ता. पँट वाळेपर्यंत वेळ आहे."

द्रिसिल्दानं डाव्या हाताची करंगळी धरली आणि पहिलं नाव घेतलं. वानफ्रांगनं अंगातल्या सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं, कागद सापडेना म्हणून तळहात पुढे धरला.

"मलाही लागतील ती," तो म्हणाला. "हळू सांगा, मावशी."