साडेदहाचा फोन

जळगावच्या दाणा बाजारात मोहनलाल दलालांनी बेचाळीस वर्षं तूरडाळीचे सौदे जुळवले, पण सौदा पक्का होण्याआधी पार्टीचं नाव कधी ओठांवर आणलं नाही. घेणारा कोण ते विकणाऱ्याला माहीत नसायचं, आणि दोघं कोण ते तारादेवींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माहीत नसायचं. तारादेवींना माहीत झालं असतं तर अर्ध्या तासात सगळ्या जळगावला झालं असतं, हा भाग वेगळा.

तर अशा माणसाने बहात्तराव्या वर्षी, रोज सकाळी साडेदहाला, धुतलेला सदरा घालून, दार-खिडक्या लावून फोनवर हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. आता गल्लीने काय समजावं? गल्लीने जे समजायचं तेच समजलं. कुणी म्हणे विधुराने दुसरं लग्न काढलंय, मारवाडातलं स्थळ आहे, कुणी म्हणे स्थळ इथलंच आहे आणि घटस्फोटित आहे. मुलीचा रंगसुद्धा ठरून गेला होता.

समोरच्या पुष्पाबाईंनी तर तोंडावरच विचारलं. पुष्पाबाई मूळच्या खेड्यातल्या. नवरा जीवराम गेल्या वर्षी वारला, मुलगा पुण्यात. त्या आठवड्यातून दोनदा मोहनलालांना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा आणून द्यायच्या.

"काय मोहनभाऊ, दार लाईसन कोनशी गप्पा चालू शेत?"

"धंद्याचं आहे."

"धंदा? बाजार सुटीसन पाच वरीस झाले ना!"

"लसूण नाही ना घातला ठेच्यात?" मोहनलालांनी विषय बदलला. ते पक्के जैन, कांदा-लसूण वर्ज्य.

"नाही हो भाऊ, जरा बी नाही," पुष्पाबाई म्हणायच्या. ठेच्यात लसूण असायचाच. त्याचा वास कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत जायचा. मोहनलालांना तो येत नसेल? नुसत्या वासावरून डाळ कुठल्या गिरणीची ते सांगणारा माणूस! पण ते दर वेळी विचारायचे, त्या दर वेळी नाही म्हणायच्या, आणि तेवढंच दोन माणसांचं बोलणं व्हायचं.

कारण बोलायला दुसरं होतं कोण? तारादेवी तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा संयम बंगळुरूला. त्याचा फोन रविवारी यायचा, चार मिनिटं, त्यातली दोन "आवाज येतोय का पप्पा?" यात जायची. बाजारातले सौदे व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. ज्या फोनची घंटी दिवसाला दोनशेदा वाजायची, तो आता गॅसच्या नंबराचा मेसेज आला तरच किणकिणायचा. मोहनलाल कधीकधी फोन उचलून कानाला लावून बघायचे, बिघडला तर नाही ना म्हणून.

आणि एका मंगळवारी साडेदहाला तो वाजला.

"बाबूजी, मी रुची बोलतेय, तुमच्या बँकेतून. तुमचं केवायसी संपलंय, आज खातं बंद होईल."

इथे एक सांगायला हवं. त्याच बँकेने दिवाळीआधी ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा घेतला होता. फोनवर कुणाला ओटीपी सांगू नका, बँक कधी विचारत नाही, फसलात तर लगेच १९३० ला फोन करा, असं बँकेच्या चारुलता मॅडमनी तासभर समजावलं. शेवटी प्रश्नमंजुषा झाली आणि मोहनलालांचा पहिला नंबर आला. बक्षीस स्टीलचा डबा, झाकणावर बँकेचं नाव. असा हा नंबरी विद्यार्थी!

तेव्हा त्यांनी केलं ते दलालाने करायचं तेच. नमुना मागितला. बाजारात मूठभर डाळ तळहातावर घेऊन बघितल्याशिवाय ते भाव बोलत नसत.

"बेटा, तू कुठल्या शाखेत?"

"मेन ब्रँच, जळगाव."

"वा! मग बँकेसमोर चहा कुणाकडे पितेस?"

"शर्मा टी स्टॉल."

बँकेसमोर पेट्रोल पंपाची लांबलचक भिंत आहे. चहाची टपरी सोडा, तिथे उभं राहायला सावली नाही. दाणा किडका निघाला होता. मोहनलाल स्वतःशीच हसले. आता फोन ठेवायचा आणि १९३० फिरवायचा, एवढंच राहिलं होतं.

पण ती म्हणाली, "बाबूजी, तुमच्या आवाजाला काय झालंय? सर्दी झालीय का?"

तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"चष्मा सापडत नाही बेटा," मोहनलाल म्हणाले, "उद्या कर फोन."

तिने केला. परवाही केला. भाव लांबवण्यात मोहनलालांचा हात कोण धरणार? कधी चष्मा नाही, कधी मोबाईल चार्ज नाही, कधी अमावस्या, आणि अमावस्येला आम्ही सौदा करत नाही. मधल्या वेळात ते तारादेवींच्या गोष्टी सांगायचे. रुचीच्या आईचा गुडघा दुखायचा, निदान ती तसं म्हणायची, तर यांनी तेल सांगितलं. ती खोटी आहे हे त्यांना ठाऊक होतं. ओटीपी देणार नाही हेही ठाऊक होतं. त्यांच्या खात्यातला एक रुपया हलला नाही. कुणाला मात्र सांगितलं नाही, कारण सौदा चालू असताना पार्टीचं नाव काढायचं नसतं. आणि दुसरं कारण असं की सांगितलं असतं तर फोन बंद झाला असता.

रोज रोज सांगायला स्वतःकडचं संपतं. मग माणूस गल्लीतलं सांगतो. तुम्ही-आम्हीही सांगतो.

"एकटेच राहता बाबूजी? शेजारी कुणी आहे का?"

"आहे ना, पुष्पाबाई. फार साधी बाई. जीवरामच्या विम्याचे पैसे आलेत तिला, पण बँकेत जायला घाबरते." तुम्ही कधी फोन नाही उचलला तर काळजी वाटेल, असं म्हणून रुचीने पुष्पाबाईंचा नंबरही मागून घेतला.

नंतर दोन दिवस साडेदहाला फोन आला नाही. मोहनलालांनी सदरा घातला, काढला, पुन्हा घातला.

तिसऱ्या दिवशी पुष्पाबाई आल्या. हातात भाकरी नव्हती. त्या दारातच बसल्या.

"बठ्ठं गयं भाऊ. खात्यातले शहाऐंशी हजार."

"कसे?"

"बँकेनी बाई व्हती. मी म्हनलं, मी कोनलाच नंबर सांगत नाही. तर ती म्हने, मोहनबाबूजींच्या ओळखीनी बोलतेय. तुमनं नाव लिधं तिनी, म्हनीसन सांगी दिधा मी." मग त्या म्हणाल्या, "दोन दिवस लाजेनी कोनलाच नाही बोलनू."

मोहनलालांच्या नावावर बाजारात लोक न बघता माल उचलायचे. त्या नावाचा असा सौदा झाला होता आणि दलाल तेच होते.

ते तसेच उठले आणि पुष्पाबाईंना रिक्षात घालून बँकेत घेऊन गेले. चारुलता मॅडमनी आधी १९३० लावून तक्रार नोंदवली, खातं गोठवायला सांगितलं. मग मोहनलालांकडे वळल्या.

"काका, तुमचं नाव घेतलं म्हणजे या नंबरवरून तुम्हालाही फोन येत होता? कधीपासून?"

"बावीस दिवस."

"आणि खोटा आहे हे कधी कळलं?"

"आज" म्हटलं असतं तर निभावलं असतं. फसलेल्या म्हाताऱ्यावर कोण रागावतं? उलट मॅडमनी चहा मागवला असता. शेजारच्या खुर्चीवर पुष्पाबाई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या.

"पहिल्याच दिवशी," मोहनलाल म्हणाले.

पुष्पाबाईंचा हात थांबला.

"मग सांगितलं का नाही काका?"

मोहनलालांनी मोबाईल पुढे सरकवला. मॅडमनी तक्रारीत त्यांचेही सगळे कॉल, तारखा, वेळा लिहून घेतल्या. रोज साडेदहा, साडेदहा, साडेदहा.

अठरा हजार वाटेत अडकवता आले. बाकीचे पुढे गेले होते. मोहनलाल बाकीची रक्कम पाकिटात घालून पुष्पाबाईंच्या दारी गेले. त्यांनी पाकीट घेतलं नाही.

"पैसा नको भाऊ. एक डाव माले सांगलं असतं तर..." एवढं बोलून त्यांनी दार लावलं.

पुढे गल्लीला खरी हकीकत कळली. स्थळ नव्हतं म्हणून लोक जरा हिरमुसले, मग दुसऱ्या विषयाला लागले. साडेदहाचा फोन बंद झाला. सदरा मात्र मोहनलाल घालायचे. रविवारी संयमने विचारलं, "बाकी काय विशेष पप्पा?" ते म्हणाले, "काही नाही, आवाज येत नाहीये."

दहाव्या दिवशी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली दिसली. आत त्यांचाच बक्षिसाचा स्टीलचा डबा, मागे कधीतरी पुष्पाबाईंकडे राहिलेला. त्यात भाकरी आणि ठेचा. लसणाच्या पाकळ्या ठेचल्याही नव्हत्या, अख्ख्याच्या अख्ख्या वर ठेवल्या होत्या.

समोरचं दार बंद होतं. मोहनलाल डबा घेऊन उंबऱ्यावर उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "लसूण नाही ना घातला?"

समोरच्या घरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

ते तिथेच बसून, एक पाकळी न उरवता, सगळं जेवले.